माप उभ्यानंच घ्यायचं

४ जून

ताईस,

नमस्कार. आशीर्वाद मागत नाहीये, तेव्हा कपाळाला आठ्या घालायची घाई करू नकोस. सहा वर्षांनी लिहितोय ते माया उतू चालली म्हणून नव्हे, काम अडलंय म्हणून. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही तुझी आवडती म्हण. यातला हरी कोण आणि गाढव कोण ते तूच ठरव, तेवढाच तुला विरंगुळा.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी एक पाटी येते: ‘३१ ऑगस्टनंतर या यंत्रणेला आधार मिळणार नाही.’ कॉम्प्युटरच्या पोटात एक मूळ यंत्रणा असते, बाकी सगळं तिच्या जिवावर चालतं. ती बनवणाऱ्या कंपनीनं हात वर केलेत. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडेल असं नाही, पण पुढे कुठलाही भामटा आत शिरला तरी त्यांना काही देणंघेणं नाही. कडी नसलेलं घर म्हण. हे सगळं मला समजावायला एक तज्ज्ञ येतो. मी त्याला अपडेटराव म्हणतो, कारण त्याचा दर तिसरा शब्द अपडेट असतो. उरलेल्या दोन शब्दांत तो चहा मागतो.

आता धंद्याचं. गिऱ्हाईक काचेवर पाय ठेवतं, काचेखालचा कॅमेरा माप घेतो, कॉम्प्युटर ते साठवतो आणि शेजारचं मशीन त्या मापाचा साचा कापून देतं. त्या साच्यावर मी बूट शिवतो. साचा फोमचा असतो, एक जोड शिवून झाला की चेपतो, फेकून द्यायचा. पुढच्या वर्षी पुन्हा कॉम्प्युटरला माप विचारायचं. अशी दोनशे चौसष्ट माणसं त्याच्या पोटात आहेत. कुणाचा पाय आखूड, कुणाचा सुजलेला, कुणाची बोटं गेलेली. तयार बूट यातल्या एकालाही चालत नाही. तुझंही माप आहे त्यात. काढून टाकायचं राहिलं.

अपडेटराव म्हणतो, नवा कॉम्प्युटर घ्या. घेतो. पण माप घेण्याचा प्रोग्राम नव्यात घालायला त्याची मूळ तबकडी, म्हणजे सीडी लागते. ती विकणारी कंपनी कधीच बुडाली. सीडी बाबांच्या कागदांच्या पत्र्याच्या पेटीत होती, आणि पेटी तू उचलून नेलीस. ती सीडी पाठव. बाकी पेटी लखलाभ.

धाकटा

*

११ जून

दीडशहाण्यास,

आशीर्वाद अर्धाच पाठवते. उरलेला वागणूक बघून.

तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही असं मी सहा वर्षांपूर्वी दुकानाच्या पायरीवर म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं, म्हणून हे उत्तर. छत्तीस वर्षं इस्पितळाच्या दफ्तरात नोकरी केली मी, शब्द काय दिला आणि काय नाही हे मला नीट कळतं.

तर तुझ्या कॉम्प्युटरला वाली उरला नाही म्हणतोस. बरं झालं. बाबांच्या हातचे लाकडी साचे भिंतभर टांगलेले होते, आठवतं? प्रत्येकाच्या टाचेत खिळा, खिळ्याला नावाची चिठ्ठी. त्यांना कुठल्या कंपनीचा आधार लागत नव्हता, भिंतीचा पुरत होता. मशीन आलं, तुला भिंत हवी झाली, आणि तू ते सगळे मागच्या अंगणात जाळलेस. मी विचारलं तर म्हणालास, ‘ताई, आता सगळं आत आहे.’ आत आहे ना? मग बस आता आत हात घालून चाचपडत.

आणि त्याच मशीननं तू मला जो बूट शिवून दिलास, त्यानं आठ दिवसांत माझ्या पायाला जखम केली. परत आणून टेबलावर ठेवला, तर चार गिऱ्हाइकांसमोर तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल. मला आठवतं. ‘पाय वाकडा आहे तुझा, बूट नाही.’ पाच वर्षांची असताना तापात हा पाय आखूड झाला. पण त्याला वाकडा असं बाबा एकदाही म्हणाले नव्हते. शाळेतली द्वाड कार्टी म्हणायची, आणि नंतर तू.

पेटी माळ्यावर आहे. माझं मन झालं तर उघडेन. दूधवाला दारात दूध देतो आणि वरच्या शिंपीणबाई माझी पत्रं पोस्टात टाकतात, म्हणून हे एवढं तरी तुझ्यापर्यंत येतंय. उपकार मान.

थोरली

*

१७ जून

ताईस,

दूध दारात, पत्रं टाकायला शिंपीणबाई. निवृत्ती भलतीच मानवलेली दिसते. उद्या घास भरवायलाही कुणी ठेव.

इकडची बातमी ऐक. अपडेटरावाला मी म्हटलं, नवा डबा आणण्याआधी जुन्याच कॉम्प्युटरमध्ये नवी यंत्रणा घालता येते का बघ. तो सकाळी दहाला बसला. मान वाकडी करून, जिभेचा चक् चक् आवाज काढत दुपारपर्यंत काहीतरी करत राहिला. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली: ‘हा संगणक पात्र नाही.’ चार तास घालवून त्यानं मला एवढं वाचून दाखवलं, तेही चुकीच्या जागी श्वास घेत. पण कॉम्प्युटरचं मला कौतुक वाटलं. आपण पात्र नाही हे स्वतःच्या तोंडानं कबूल करणारं आपल्या घराण्यात आजवर कुणी झालं नव्हतं.

साचे जाळले, जाळले. किती वर्षं तेच दळण दळशील? त्यांना कीड लागली होती. निम्म्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. ‘बँडवाले’ अशी चिठ्ठी असलेले साचे तीन होते आणि बँडवाला एकच. बाबांच्या डोक्यात सगळं पक्कं होतं, पण बाबा डोकं मागे ठेवून गेले नाहीत.

तो बँडवाला अजून येतो. कर्णा वाजवायचा, आता फुंकर पुरत नाही. डाव्या पायाला अंगठा एवढंच बोट उरलंय. परवा येऊन म्हणाला, ‘ती काच बंद पडायच्या आत माझे दोन जोड करून ठेव, तिसऱ्याची मला गरज लागणार नाही.’ मी हसलो. घरी येऊन जेवण गेलं नाही. हे तुला मुद्दाम सांगतोय, कारण तुला वाटतं मी एका डब्यासाठी रडतोय.

सीडी पाठव.

धाकटा

*

२६ जून

दीडशहाण्यास,

पेटी उघडली. सीडी मिळाली. सोबत पाठवतेय. थोडी उन्हातली आहे, पण वस्तू मजबूत दिसते. कव्हरावरचा नंबर कागदावर वेगळा उतरवला आहे. आकडे माझ्या अक्षरात आहेत, म्हणजे तरी वाचता येतील.

बँडवाल्याला माझा नमस्कार सांग.

थोरली

*

५ जुलै

ताईस,

उन्हातली?

पाकीट उघडलं तर सीडीच्या भोकातून सुतळी ओवलेली, सुतळीला गाठ, आणि एका बाजूला कबुतराची शिट, ती पण वाळून घट्ट झालेली. दफ्तरात छत्तीस वर्षं कागद जपल्याची फुशारकी मारणारी माझी थोरली बहीण बाबांच्या पेटीतली वस्तू काढून गॅलरीत कबुतरं हाकलायला टांगते, आणि वर मला साच्यांवरून ऐकवते! ताई, मी साचे जाळले ते दिवसाढवळ्या जाळले. तुझ्यासारखं ‘थोडी उन्हातली’ म्हणून पाकिटात नाही घातले.

अपडेटरावानं ती ओल्या फडक्यानं पुसली, शर्टाला घासली, कॉम्प्युटरमध्ये घातली. आत घर्रर्र असा आवाज झाला. तो म्हणाला, ‘काका, ही वाचत नाहीये.’ मी म्हटलं, तूही कुठे वाचतोस? तो हसला. त्याला राग येत नाही, हीच त्याची मोठी खोड आहे.

आता सरळ सांगतो. सीडी गेली म्हणजे मापं नव्या कॉम्प्युटरमध्ये जाणार नाहीत. जुन्यातून नुसती उचलून नेली तर त्या प्रोग्रामशिवाय ती उघडतच नाहीत. नवी काच, नवं मशीन घेऊन सगळ्यांची मापं पुन्हा घ्या, हा अपडेटरावाचा सल्ला. दोनशे चौसष्टपैकी निम्मी माणसं दुकानापर्यंत येऊ शकत नाहीत, त्यांचे बूट मी टपालानं पाठवतो. दोघीजणी तर अंथरुणातून उठतात त्या मुळी मी बूट दिले तरच. आणि हा जुना डबा रोज थोडा अधिक गरम होतोय. सत्तावन्न दिवस उरलेत. मला काही सुचत नाहीये. तुझ्यापुढे हे कबूल करायची वेळ यावी, यापेक्षा मोठी नामुष्की नाही.

धाकटा

*

१२ जुलै

दीडशहाण्यास,

सीडीबद्दल चूक झाली. हे वाक्य एकदाच लिहिते, जपून ठेव. कबुतरं मात्र तीन वर्षं फिरकली नव्हती, तेवढं त्या वस्तूचं चीज झालं. आता पुन्हा आली आहेत.

बाकी तुझ्या अकलेपुढे हात टेकले. मापं ‘आत’ आहेत, पण पडद्यावर दिसतात की नाही? दिसतात. मग तुला डोळे आहेत, हात आहे, पेन आहे. उतरवून काढ! इस्पितळात आमच्याकडे कॉम्प्युटर आले तेव्हा साहेब म्हणाला, कार्डं रद्दीत द्या. मी दिली नाहीत, कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. वर्षभरात तो डबा दोनदा बसला, आणि दोन्ही वेळा साहेब माझ्यासमोर हात चोळत उभा. तुझ्या कॉम्प्युटरचा आधार काढून घेतील, कागदाचा कोण काढणार आहे?

जाड कार्डं आण. एका माणसाला एक कार्ड. वर नाव, खाली डावा, उजवा. टाच, चवडा, घोटा, कमान, जे जे म्हणून आकडे असतील ते सगळे. काहीही गाळायचं नाही. तुला ज्याची गरज वाटत नाही तेही लिहायचं, कारण गरज कशाची आहे हे तुला आजवर कधी कळलेलं नाही. लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं आणि बायकोनं पडद्यावर ताडून बघायचं. आणि तो जुना कॉम्प्युटर बाहेरच्या जगाला जोडलेला असेल तर ती वायर उपट. दाराला कडी नसली तर दारच बुजवावं. तो चालेल तितके दिवस चालेल, मेला की कार्डं आहेत. बिलंबिलं त्या नव्या डब्यावर कर.

पेटीत खाली बाबांचे खाकी कागद निघाले. माझ्या पायाचे. सहाव्या वर्षापासून दर वर्षी एक, पेन्सिलीनं पायाभोवती रेघ मारलेली. प्रत्येकावर कोपऱ्यात एकच शेरा: ‘उभी. फेरी मारून.’ विसरलास? बाबा कुणालाही आधी चौकापर्यंत चालून यायला लावायचे, मग कागदावर उभं करायचे. दुखतंय म्हटलं तरी. मी रडायची, ते रेघ मारायचे. म्हणायचे, बूट घालून तू बसणार आहेस का? माप उभ्यानंच घ्यायचं.

चालू लाग कामाला.

थोरली

*

९ ऑगस्ट

ताईस,

तुझं ऐकलं. गावभर सांगत सुटू नकोस.

दोनशे एकोणचाळीस कार्डं झाली. एका पायाचे चौदा आकडे, म्हणजे माणसामागे अठ्ठावीस. दिवसाला दहा झाली की डोळ्यांपुढे मुंग्या येतात. बायको ताडून बघते आणि माझी चूक सापडली की तिला सण साजरा केल्यासारखा आनंद होतो. वायर उपटली. अपडेटराव आला, कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाला, ‘काका, याला ऑफलाइन बॅकअप म्हणतात.’ मग आपलीच कल्पना असल्यासारखी मान हलवली. त्याला बारसं करायला आवडतं, बाळंतपण दुसऱ्यानं काढावं.

एक विचारायचं होतं. तू हल्ली पायात काय घालतेस?

धाकटा

[याच पाकिटात घडी केलेली चिठ्ठी]

वन्सं,

पाकीट मी बंद करते, म्हणून ही चिठ्ठी घालता आली. ह्यांना सांगू नका. कार्डं दोनशे एकोणचाळीसवर अडली आहेत ती मंगळवारपासून. तुमचं माप उघडलं आणि हे तसेच बसले. मी आकडे वाचा म्हटलं तर म्हणाले, आज नको. तुम्हाला दोन पत्रं लिहून फाडली, हे तिसरं. काय झालं विचारलं तर सांगत नाहीत. दुकानातल्या त्या लाल गादीच्या खुर्चीला काल लाथ मारली आणि मग स्वतःच तिचा पाय ठोकून नीट केला. तुमचं दोघांचं काय ते मिटवा हो. मला दोन तोंडं सांभाळायचा कंटाळा आलाय, त्यातलं एक तर कायम फुगलेलं.

— तुमची भावजय

*

१६ ऑगस्ट

दीडशहाण्यास,

माझ्या पायात काय आहे याची चौकशी करायची तुला गरज नाही. सहा वर्षं केली नाहीस, आता कुठला पुळका आला?

बाबांनी शिवलेला शेवटचा जोड घालते. ते गेले त्या वर्षीचा आहे. उजव्याचा तळ गेल्या हिवाळ्यातच उघडला. आत पुठ्ठा घालते, दर दोन दिवसांनी बदलते. इथल्या बूटवाल्याकडे शिंपीणबाईंच्या हाती पाठवून बघितला. त्यानं परत पाठवला, म्हणाला, ज्यानं केलाय त्याच्याकडेच न्या. ज्यानं केलाय त्याच्याकडे जायला अजून वेळ आहे मला.

हो, जिना उतरत नाही. मार्चपासून नाही. तिसरा मजला, एकेचाळीस पायऱ्या, आणि पुठ्ठा घसरतो. तेवढ्यासाठी दूध दारात येतं आणि पत्रं दुसरं कुणी टाकतं. तुला वाटलं म्हातारी ऐटीत राहते. वाटू दे. तुझी कीव घेण्यापेक्षा तुझे टोमणे परवडले, म्हणून सांगितलं नव्हतं.

आता मला सांग, माझ्या कार्डावर तू का अडलास? आणि खुर्चीला लाथ का मारलीस? मला कसं कळलं ते विचारू नकोस.

थोरली

*

२२ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र वाचून दुकान बंद केलं आणि घरी आलो. बायको म्हणाली बरं नाही का. मी म्हटलं, बरं नाही.

तू म्हणाली होतीस, काहीही गाळायचं नाही, गरज वाटत नाही तेही लिहायचं. तर प्रत्येक मापाच्या तळाशी एक बारीक ओळ असते: ‘स्थिती’. मी ती सहा वर्षांत कधी वाचलेली नव्हती. माप घेताना दोन बटणं असतात, त्यातलं दाबाल ते तिथे उमटतं. तुझं ऐकून ती ओळही उतरवायला लागलो. बँडवाला: उभा. त्या अंथरुणातल्या दोघी: दोन्हीकडून धरून का होईना, उभी. मूर्खासारखं उभा, उभी, उभा लिहीत गेलो. दोनशे एकोणचाळीस वेळा. दोनशे चाळीसावं तुझं.

तुझ्यापुढे लिहिलंय: बसून.

मला सगळा दिवस आठवला. तू सात तास बसनं आली होतीस. दारात आलीस तेव्हा ओठ पांढरे पडले होते, आणि तू एका हातानं दार धरलं होतंस. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला वाटलं, आज हिला उभं करायचं नाही. लाल गादीची खुर्ची पुढे ओढली, तुला बसवलं, तुझा पाय उचलून काचेवर ठेवला आणि ‘बसून’ दाबलं. बाबा असते तर त्यांनी माझ्या थोबाडीत दिली असती. त्यांनी तुला रडू दिलं आणि माप बरोबर घेतलं. मी तुला रडू दिलं नाही आणि चूक घेतलं. बसलेल्या माणसाच्या पायावर भार नसतो. तुझा उजवा पाय भार पडला की चवड्याला बोटभर पसरतो. तेवढं बोटभर मी गाळलं, आणि जखम झाली ती नेमकी तिथेच.

आणि तू बूट परत आणलास तेव्हा मला हे सुचलंही नाही. मशीन चुकत नाही, एवढंच डोक्यात होतं. चार गिऱ्हाइकं बघत होती, माझी अब्रू जात होती, म्हणून मी ते वाक्य म्हणालो. आजवर मी स्वतःला सांगत आलो की तू उगाच वाढवलंस. तुला म्हणायला बरं वाटतं की मी बिनडोक आहे. आहेच. पण त्याहून वाईट आहे, ताई. अपडेटरावाला मी तीन महिने हसतोय, पण पडद्यावरचं वाचलं ते त्यानं. मी नाही.

पाय वाकडा नव्हता. बूट वाकडा होता. आणि ज्यानं केला तोही. हे त्या चौघांसमोर म्हणायचं होतं, पण त्यातले दोघं आता नाहीत. उरलेल्या दोघांना मी सांगितलं. बँडवाला म्हणाला, ‘मला तेव्हाच वाटलं होतं.’ मग बोलला का नाहीस, म्हटलं. म्हणाला, ‘तुझ्या तोंडी कोण लागणार?’

बाकीची कार्डं परवा पूर्ण झाली. तुझं मी कोरं ठेवलंय. नुसतं नाव लिहिलंय. ते खोटे आकडे उतरवायला हात होईना, आणि कॉम्प्युटरमधलं माप मी पुसलं. सहा वर्षांत राहिलेलं काम ते एकच.

तू जिना उतरायचा नाहीस. मी येतो. काच तर हलत नाही, बाबांसारखा खाकी कागद आणि पेन्सिल आणतो. २९ तारखेला सकाळच्या बसनं निघतो, तिसऱ्या प्रहरी पोचेन. नको असेन तर लिही. पत्र वेळेत येणार नाही असं समजून मी येईनच.

तुझा धाकटा

*

२५ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. पूर्ण.

शिंपीणबाईंना हे पत्र पळत जाऊन टाकायला सांगितलंय. त्या पळत नाहीत, पण मी सांगितलं. तू निघायच्या आत मिळालं तर मिळालं.

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. सहा वर्षं मी असं धरून चालले होते की तुला माझी लाज वाटते, म्हणून तू घाईघाईत माप उरकलंस. आता कळतंय की तुला माझी दया आली होती, आणि मला ती लाजेहून जास्त टोचली. मग राग ओसरला आणि बरं वाटलं. बरं वाटलं हे एवढं लिहायला मला आणखी एक आख्खं पत्र लिहिण्याइतका वेळ लागला. माणसावर जीव असला की अक्कल अशी खुर्ची ओढून बसते. तुझी तर आधीच दमलेली होती.

आता नीट ऐक. पेन्सिल इथे आहे, बाबांचीच, पेटीत मिळाली. टोकदार केलेली नाही, ते तू कर. माप घेण्याआधी फेरी लागते. मी खालपर्यंत जाणार नाही, पण जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत उतरून परत येईन. अकरा पायऱ्या आहेत. बाबांचा जोड काढून ठेवीन, अनवाणी उतरेन, म्हणजे घसरणार नाही. तू डाव्या बाजूला राहा, हात पुढे कर, आणि ‘दुखतंय का’ असं एकदाही विचारू नकोस. दुखणारच आहे. डोळ्यांतून पाणी आलं तर रेघ मारत राहा.

बोलणार नाही म्हटलं होतं ते मी मागे घेतलेलं नाही. बेल वाजली की मला आतून ‘कोण आहे?’ म्हणावं लागेल. ते धरायचं नाही. पुढचं बघू.

आणि घरात दोन खुर्च्या होत्या. दोन्ही आज सकाळी शिंपीणबाईंकडे पाठवल्या.

तुझी ताई